टॉवर इथला, कार्यक्रम मुंबईचा
वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मराठवाड्यातल्या टीव्हीवर आलेल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. ‘आमच्या गावचे टीव्ही स्टेशन’ म्हणताना काहींच्या मनात डोंगरावरचा टॉवर आहे, तर काहींच्या मनात केबलवाल्याच्या गाळ्यातला व्हीसीआर. या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

आमच्याकडे ‘अंबाजोगाई दूरदर्शन केंद्र’ असेच म्हणत. तिथे स्टुडिओ होता का? म्हैसमाळलाही कार्यक्रम होत का? (केज)

अंबाजोगाई आणि खुलताबाद तालुक्यातले म्हैसमाळ या दोन्ही ठिकाणी मुख्यतः प्रक्षेपण होई, निर्मिती नव्हे. बाहेरून आलेला कार्यक्रम घ्यायचा, त्याची शक्ती वाढवायची आणि चारी दिशांना सोडायचा, एवढे टॉवरचे काम. कार्यक्रम बनत ते मुंबईला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्याला दिसू लागले.

लहान तालुक्यांना टीव्ही मिळाला तो इन्सॅट या भारताच्या उपग्रहांमुळे. १९८२चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ला सुटलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला आणि १९८४मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. उपग्रहाकडे तोंड केलेली छत्री, १०० वॅटचा प्रक्षेपक, मनोरा, दोन खोल्या आणि डिझेल जनरेटर एवढ्यात केंद्र उभे राही. उच्चशक्ती प्रक्षेपक १० किलोवॅटचा, म्हणजे शंभरपट. पण शंभरपट शक्ती म्हणजे शंभरपट पल्ला नव्हे. पल्ला ठरतो उंचीवर. मनोऱ्याची आणि तुमच्या अँटेन्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करा आणि ४.१२ने गुणा; क्षितिजापर्यंतचे किलोमीटर मिळतात. भोवतालच्या सपाटीपेक्षा ३०० मीटर उंच अँटेना आणि तुमच्या माळवदावर ९ मीटरचा पाइप असेल तर सुमारे ८४ किलोमीटर. तालुक्याच्या ३० मीटर मनोऱ्याला याच हिशेबाने ३५ येतात; पण १०० वॅटची ताकद त्याआधीच संपते, पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे मुंग्या, म्हणजे पडद्यावर नुसते वळवळणारे ठिपके सुरू.

सुरुवातीच्या लघुशक्ती केंद्रांवर उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम येई. त्यामुळे पुष्कळ घरांत ‘हम लोग’ (पहिला भाग ७ जुलै १९८४) आधी आले आणि मराठी बातम्या नंतर. मुंबईचा मराठी भाग संध्याकाळचा: ‘आमची माती आमची माणसं’, बातम्या, ‘गजरा’, गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा. साडेआठ-पावणेनऊला मुंबई संपून दिल्ली लागे. स्वतंत्र मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ला आली. तिचेच पुढे ‘सह्याद्री’ झाले. या सगळ्यात मराठवाड्याचे स्वतःचे असे थोडेच होते, आणि हे आम्ही तक्रार म्हणूनच लिहीत आहोत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा देशभरचे कॅमेरे लातूर-उस्मानाबादकडे धावले; एरवी कॅमेरा मुंबईहून निघायला तसेच काही मोठे घडावे लागे.

याच पत्रातला जोडप्रश्न: कार्यक्रम मधेच तुटून पडद्यावर ‘व्यत्यय’ची पाटी का लागे? पाटी दिसते म्हणजे जवळचा प्रक्षेपक चालू आहे, तुटले आहे ते वरच्या बाजूला. नुसत्या मुंग्या आल्या तर जवळचाच प्रक्षेपक बंद, बहुधा वीज गेलेली. चित्र आहे पण आवाज नाही, तर बिघाड ध्वनीच्या भागात. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाहक लहरींवर येत.

१९७५ साली गुलबर्गा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी ग्रामपंचायतीत टीव्ही होता. वीस कोसांवरच्या आमच्या गावात तो यायला पुढे दहा वर्षे लागली. असे का? (उमरगा)

तो ‘साइट’ प्रयोग, म्हणजे उपग्रहावरून थेट गावांत टीव्ही दाखवण्याचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वापरला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे निवडली होती: आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान. महाराष्ट्र यादीत नव्हता, म्हणून उमरगा कोरडे राहिले. कर्नाटकातल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होते. आजोळच्या छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री आठवत असेल तर ती हीच. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असे. एका चित्राला दोन आवाज जोडण्याची सोय असल्याने तेच चित्र कुठे कानडीत, कुठे तेलुगूत ऐकू येई. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, छत्र्या थंडावल्या.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जुना टीव्ही अँटेना करून मांडायचा आहे. मापे द्या. एकाच गल्लीत एकाच्या टीव्हीवर दोन-दोन चित्रे आणि शेजारी स्वच्छ, असे का होई तेही सांगा. (जिंतूर)

आधी चॅनल ठरवा. पाच ते बारा हे चॅनल १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, प्रत्येकी ७ मेगाहर्ट्झचे. आठवा चॅनल धरला तर मध्य १९८.५. १४२.५ला या आकड्याने भागले की डायपोलची (ज्या मधल्या नळीला वायर जोडतात तिची) लांबी मीटरमध्ये येते: ७२ सेंमी. मागचा रिफ्लेक्टर पाच टक्के लांब, ७५.५ सेंमी, पुढचा डायरेक्टर पाच टक्के आखूड, ६८ सेंमी. रिफ्लेक्टर डायपोलच्या ३० सेंमी मागे, डायरेक्टर २२ सेंमी पुढे. १० मिमीची ॲल्युमिनियमची नळी पुरते. डायपोल दुमडलेला करा: दोन समांतर बाजूंत ५ सेंमी अंतर, खालची बाजू मधोमध कापून २-३ सेंमीची फट, आणि फटीच्या दोन टोकांना चपटी फीडर वायर. वरच्या बाजूचा मध्य आडव्या दांड्याला टेकला तरी चालतो, तिथे व्होल्टेज शून्य असते. फटीची टोके मात्र दांड्याला लागता कामा नयेत. मुले हमखास चुकतात ती इथेच.

फीडर वायर लोखंडी पाइपाला गुंडाळू नका. चपट्या वायरीचे क्षेत्र तिच्या बाहेर पसरलेले असते, जवळचे लोखंड ते खाते. प्लॅस्टिकला चिरा गेलेली वायर उन्हाळ्यात ठीक चाले आणि मृगाच्या पहिल्या पावसात मुंग्या आणी, कारण चिरांत पाणी शिरे. लोक अँटेना फिरवत बसत; दोष वायरीत असे.

दोन चित्रे म्हणजे एकच लहर दोन वाटांनी आलेली: एक सरळ, दुसरी डोंगर, पाण्याची टाकी किंवा उंच इमारत यांवर आपटून उशिरा. २० इंची टीव्हीवर चित्राची एक रेघ ५२ मायक्रोसेकंदांत सुमारे ४० सेंमी धावते. म्हणजे सावली उजवीकडे एक सेंटिमीटर सरकली असेल तर दुसरी लहर जवळपास ३८० मीटर जास्त चालून आली आहे. त्यावरून अपराधी टाकी नकाशावर शोधता येते, मुलांना हे गणित आवडते. उपाय: अँटेनाला डायरेक्टर वाढवून तो जास्त एकमार्गी करायचा आणि नाक टॉवरपासून किंचित वळवायचे. शेजाऱ्याचा अँटेना फक्त दहा फूट बाजूला, पण टाकीकडून येणाऱ्या लहरीपासून आडोशाला असला तर त्याचे चित्र स्वच्छ दिसे.

प्रदर्शनात चित्र दाखवायचे तर जुन्या व्हीसीआरची अँटेना-आउट वायर थेट टीव्हीला जोडा. ती वायर अँटेन्याला जोडणे म्हणजे विनापरवाना प्रक्षेपण.

पत्रकारितेच्या प्रकल्पासाठी गावातल्या केबलच्या लोकल चॅनलचा इतिहास लिहीत आहे. चॅनल चाले कसे, बंद का पडले, आणि कागद कुठे शोधू? (नांदेड)

विषय चांगला निवडला आहे. मराठवाड्याच्या गावांत खऱ्या अर्थाने स्थानिक टीव्ही हाच होता.

आधी व्हिडिओ पार्लर, मग एका व्हीसीआरवरून गल्लीभर वायर. १९९१मध्ये आखाती युद्ध आणि स्टारच्या वाहिन्या यांनी गच्चीवर मोठी छत्री आणली. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर (चित्र केबलवरच्या ठरावीक नंबरावर चढवणारे यंत्र). सगळे कंबाइनरमध्ये एकत्र, मग ॲम्प्लिफायर आणि वायर. लोकल चॅनल म्हणजे त्याच रांगेतला आणखी एक मॉड्युलेटर, ज्याच्या मागे रिसीव्हरऐवजी व्हीसीआर. त्यामुळे चॅनल काढणे स्वस्त होते. ते अनेकदा खालच्या नंबरावर असे, आणि त्यालाही कारण होते: कमी फ्रिक्वेन्सीला वायरीत गळती कमी. आरजी-६ वायरीत १०० मीटरला खालच्या चॅनलवर पाच-सहा डेसिबल जातात, ५५० मेगाहर्ट्झवर सोळाच्या पुढे. शेवटच्या घरात बाकी सगळीकडे मुंग्या असल्या तरी गावच्या बातम्या ठळक दिसत.

बातमीपत्र वीस-तीस मिनिटांचे. संपादन दोन व्हीसीआरवर: एकावर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर हवा तो तुकडा. व्हीएचएसवर मुळात २४०च्या आसपास रेघांचे तपशील. तिसऱ्या प्रतीत लाल रंग कडेबाहेर सांडतो आणि चेहरे मऊ पडतात. म्हणून हुशार कॅमेरामन कार्यक्रम ज्या क्रमाने दाखवायचा त्याच क्रमाने टिपे, म्हणजे मूळ कॅसेटच थेट लावता येई. आत काय असे? मोंढ्यातले सोयाबीन, तूर, कापसाचे भाव. कोणत्या भागाला नळाला पाणी कधी. वाढदिवस, निधन, दहावा-तेरावा, हरवले-सापडले. सप्त्यातले कीर्तन, विसर्जन मिरवणूक, माळेगावची यात्रा, मतमोजणी. उत्पन्न मुख्यतः खाली पळणाऱ्या पट्टीचे. पट्टीचा वेग ठरवताना कसोटी साधी: हळू वाचणाऱ्याला ओळ सरकून जाण्याआधी पूर्ण वाचता आली पाहिजे, दुकानाचा फोन नंबर नेहमी ओळीच्या शेवटी, दोनदा.

बातम्या रात्री आणि सकाळी पुन्हा का लागत, तर भारनियमन. गावातले विजेचे फीडर वेगवेगळ्या वेळी बंद होत, एकदाच दाखवले तर अर्धे गाव हुकले. घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नसे: रस्त्यावरचा ॲम्प्लिफायर ज्या फीडरवर, तो बंद पडला की पुढची सगळी घरे आंधळी. चित्रात खालून वर सरकणारी जाड आडवी पट्टी आली तर अर्थिंग किंवा ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय तपासायचा. तो घरच्या विजेच्या ५० हर्ट्झचा हिसका असतो, टीव्हीचा दोष नव्हे.

कायदा १९९५चा, केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियम. नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होई. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक. काय दाखवले त्याची नोंदवही ठेवून ती वर्षभर जपायची. प्रकल्पासाठी हीच वही सर्वांत मोलाची, ती आधी मागा. त्यानंतर जाहिरातीची पावतीपुस्तके: कोणत्या दुकानाने कोणत्या महिन्यात पट्टी दिली यावरून चॅनल केव्हा जोरात होते ते कळते.

चॅनल बंद पडण्याचे मुख्य कारण केबलचे टप्प्याटप्प्याने झालेले डिजिटायझेशन. औरंगाबाद शहर दुसऱ्या टप्प्यात होते, मुदत ३१ मार्च २०१३. लहान गावांची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. त्यानंतर सगळ्या वाहिन्या मोठ्या एमएसओकडून (अनेक केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या कंपनीकडून) फायबरने, कुलूपबंद येऊ लागल्या. गावातली कंट्रोल रूम रिकामी झाली, आणि आपला मॉड्युलेटर घुसवायला जागाच उरली नाही. लोकल चॅनलला आता एमएसओच्या यादीत ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणून जावे लागते. ३० नोव्हेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालक कंपनी हवा, दर चॅनलला एक हजार रुपये नोंदणी, ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपायचे, आणि अशा सेवा एकूण वाहिनीक्षमतेच्या पाच टक्क्यांपुरत्याच. एकट्याच्या जिवावर चालणाऱ्या माणसाला यापेक्षा यूट्यूब सोपे वाटले तर नवल नाही. जानेवारी २०२५पासून केबलचालकाची स्वतःची नोंदणीही टपालातून निघून ऑनलाइन झाली: पाच वर्षांसाठी पाच हजार रुपये.

बंद पडलेल्या लोकल चॅनलच्या साठेक व्हीएचएस कॅसेट हाती आल्या आहेत. काहींवर पांढरी पूड दिसते. संगणकावर कशा घ्यायच्या? (उदगीर)

पहिली गोष्ट: लावून पाहू नका. पांढरी पूड म्हणजे बुरशी. एक बुरसटलेली कॅसेट व्हीसीआरच्या हेडवर पूड सोडते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते.

कॅसेटची खिडकी उजेडाकडे धरा. गुंडाळीच्या सपाट बाजूवर पांढरे धागे, ठिपके किंवा भुकटी असेल तर ती कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी. बाकीच्या दुसऱ्या खोलीत. बुरसटलेल्या कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर आठ-दहा दिवस ठेवा म्हणजे बुरशी कोरडी पडते. उन्हात मुळीच नको, पट्टी ताणली जाते आणि कवच वाकते.

साफसफाई घराबाहेर, नाकाला मास्क लावून. कॅसेट पालथी करा, पाच स्क्रू काढा, पुन्हा सुलटी धरून वरचे कवच अलगद उचला. उचलताच फोटो काढा. बारीक स्प्रिंग आणि पट्टी कोणत्या खुंटीमागून जाते हे नंतर आठवत नाही. पट्टी साडेबारा मिलिमीटरहून थोडी रुंद, काळपट, एका बाजूने चमकदार. धागे न सुटणाऱ्या कापडाला ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, रीळ हाताने सावकाश फिरवत पट्टी कापडाच्या चिमटीतून जाऊ द्या. कापड दर दोन-तीन मिनिटांनी बदला. सॅनिटायझर किंवा दुकानातले स्पिरिट नको, त्यात पाणी असते. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा.

कॅसेटच्या पाठीवर डावीकडची प्लॅस्टिकची चिप तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. व्हीसीआर जुनाच शोधावा लागेल, कारण शेवटच्या कारखान्याने २०१६मध्ये उत्पादन थांबवले. घेताना रबरी पट्टे कडक झाले नाहीत ना, ते पाहा. चित्रात बर्फासारखे ठिपके आले की हेड पुसायचे: शॅमॉय चामड्याची काडी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम वरून बोटाने फिरवा. काडी वर-खाली घासली तर हेड तुटतो, आणि तुटलेला हेड दुरुस्त होत नाही.

संगणकावर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पाल. डीव्ही स्वरूपात तासाला १३ जीबी. साठ कॅसेट तीन-तीन तासांच्या धरल्या तर १८० तास आणि २,३०० जीबीच्या वर. म्हणजे चार टीबीच्या दोन डिस्क, एक दुसऱ्या घरी. वेळही तेवढाच, १८० तास, घाईला जागा नाही. स्वस्त यूएसबी कॅप्चर काडी खराब पट्टीवर फ्रेम गाळते आणि तासाभराने आवाज ओठांशी जुळत नाही. मध्ये टाइम बेस करेक्टर (पट्टीवरून येणाऱ्या चित्राची डळमळ सावरणारे यंत्र) असेल तर हे टळते. तो नसेल तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे घ्या.

लेबलावर विश्वास ठेवू नका. कॅसेट महाग असत, त्यावर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग होई. ‘लग्न, धाकटा’ असे लिहिलेल्या कॅसेटचे लग्न सव्वा तासात संपते आणि मुंग्यांच्या क्षणभर पट्ट्यानंतर जुने बातमीपत्र सुरू होते. प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत चालवा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, तारीख, गाव, विषय. भूकंपाच्या काळातल्या कॅसेट निघाल्या तर त्या सर्वांत आधी करा.

गच्चीवरचा जुना अँटेना अजून उभा आहे. त्यावर काही लागेल का? नाहीतर फुकट काय मिळेल? (परतूर)

जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले, २०२२पर्यंत ते जवळपास सगळीकडे संपले. तो अँटेना आता कावळ्यांचा. २०१६मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले, त्यांत औरंगाबाद होते; पण त्याला डीव्हीबी-टी२ ट्यूनर आणि यूएचएफ अँटेना लागतो, तुमचा नाही चालत.

परतूरहून सरळ मार्ग डीडी फ्री डिशचा: मासिक शुल्क नाही, ६० सेंमीची छत्री. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. मराठवाड्यातून तो आग्नेयेला, होकायंत्रावर १३६ ते १३९ अंश, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. फोनचा होकायंत्र लोखंडी खांबाजवळ चुकतो, चार पावले दूर उभे राहून दिशा घ्या. ऑफसेट छत्री असल्याने तिचा तवा डोळ्यांना फक्त पस्तीस अंश वर केल्यासारखा दिसतो. तेवढाच ठेवा, आणखी वाकवाल तर चुकेल. छत्रीपेक्षा ६ मीटर उंच लिंब असेल तर त्या दिशेला किमान ४-५ मीटर मोकळे हवे.

खांब ओळंब्यात हवा, निम्म्या तक्रारी इथल्या. बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका आणि छत्री अर्धा-अर्धा अंश सरकवत प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबा. बॉक्स एमपेग-४चा घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर वाहिन्या कमी लागतात. मुसळधार पावसात चित्र गेले तर ते चालायचेच. बुरबुरीतही जात असेल तर नेम अर्धवट बसला आहे, किंवा एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या डबीच्या) जोडावर पाणी शिरले आहे. तिथे वायरीला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी जोडापर्यंत न जाता वळशावरून गळून पडेल.